गाडीपुढची खुर्ची

आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीत एक म्हातारे गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच गेल्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेलं. रोज सकाळी पार्किंगमध्ये फेऱ्या मारताना ते प्रत्येक गाडीखाली वाकून बघतात. माझ्या बायकोला ते डोकावणं आवडायचं नाही.

एका रविवारी आम्ही बाळाला घेऊन नंदी हिल्सला निघालो, तर अण्णा आमच्या गाडीपुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले.

"अण्णा, सरका ना, उशीर होतोय," बायको म्हणाली.

"स्वल्प थांबा. आधी ब्रेक दाबून बघा," ते शांतपणे म्हणाले.

मी नाइलाजाने गाडीत बसून ब्रेक दाबला. पेडल कुठेही न अडता थेट खाली टेकलं. उतरून पाहिलं, तर मागच्या चाकाच्या आतून ब्रेक ऑइल गळून फरशीवर ओघळ आला होता. घाटाचा उतार डोळ्यांपुढे आला.

"अण्णा, बेल वाजवायची होती," मी कसंबसं म्हणालो.

"पहाटेच दिसलं," खुर्ची उचलत ते म्हणाले. "बाळ झोपलं असेल ना. म्हणून बसलो इथेच."