इलेक्शनला दिलेली बंदूक

माझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कुठल्याच भिंतीवर एका ओळीत दोन खिळे नाहीत. लग्नानंतर नवऱ्यानं हौसेनं फळी लावायला दोन ठोकले होते, हातभर अंतरावर, अगदी मापात. मी ते त्याच दिवशी उपटले आणि भोकं बुजवून टाकली. "तुझं काही कळत नाही बुवा," तो म्हणाला. फळी जमिनीवर ठेवलेलीच बरी दिसते, असं काहीतरी मी सांगितलं.

दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग होती आणि बागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत लाकडाच्या दोन खुंट्या होत्या. त्यांच्यावर वडिलांची बारा बोअरची बंदूक आडवी असायची. पीक संरक्षणाचं लायसन आजोबांनी काढलेलं, पुढे ते वडिलांच्या नावावर झालं. पाखरं आम्ही पत्र्याचे डबे बडवून हाकलायचो, त्यामुळे बंदुकीला तसं काम नव्हतं. वर्षातून एकदा खंडेनवमीला ती खाली यायची. पाटावर छाटणीच्या कात्र्या, विळे आणि मधोमध ती. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ.

दुसऱ्यांदा ती खाली यायची इलेक्शनला. निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागल्यावर परत आणायच्या. त्या काळात सरकारं पटापट पडायची, त्यामुळे मला हे सगळं पाठ झालं होतं. आईच्या जुन्या लुगड्यात बंदूक गुंडाळायची, लायसनचं पुस्तक आणि काडतुसांचा डबा पिशवीत घालायचा आणि पावती घेतल्याशिवाय हलायचं नाही. वडील मला मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचे. ठाण्याच्या व्हरांड्यात एरवी कोणाला न जुमानणारे बागाईतदार आपापली गुंडाळी मांडीवर घेऊन गपगुमान बसलेले असायचे. मला त्याची फार गंमत वाटायची.

आणि तिसऱ्यांदा ती खाली यायची वडिलांनी आईला मारल्यावर. त्यांनी ती कधी कुणावर रोखली नाही, हे माझे नातेवाईक अजून छाती ठोकून सांगतात. खरंच आहे. ते फक्त उंबऱ्याजवळ बसून खोबरेल तेलाच्या फडक्यानं ती पुसायचे. त्याच खोलीतून आई ताटं घेऊन जायची-यायची. ती आमच्याशी बोलायची, वाढायची, पण नळीचं तोंड वळेल तशी ती उभी राहायची जागा बदलायची. इतकं सवयीनं, की पाहुण्यांना कळायचंही नाही. मला कळायचं. मी बारा वर्षांची होते.

त्या वर्षी छाटणीच्या दिवसांत एका सकाळी आई मला म्हणाली, "मी मामाकडं जाऊन येते. तू काकूजवळ राहा." तिचं उजवं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. मी दप्तर भरत होते. "संध्याकाळी येशील ना?" मी विचारलं. तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि एका हातानं पदर सावरत ती एसटीच्या थांब्याकडे गेली. तासाभरानं वडील बागेतून आले, तिचं कळलं तसे मोटारसायकल काढून मागोमाग गेले.

नाशकात मामाच्या दारात काय झालं, ते मला नंतर समजलं. वडिलांनी तिला केसाला धरून जिन्यावरून खाली ओढलं. "घरी चल, मग दाखवतो," म्हणत होते. शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, आणि आईनं आयुष्यात पहिल्यांदा तक्रार दिली. वडिलांना तिथेच अटक झाली. आम्हाला घरी यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुपारी शाळेतून येते तोच दारात पोलिसांची जीप थांबली. एक वयस्कर हवालदार आणि बरोबर दोन शिपाई. हवालदारानं ओट्यावरूनच विचारलं, "बंदूक कुठाय?" काकूच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. मला मात्र चटकन उलगडलं. "इलेक्शन लागलं का?" मी विचारलं. उत्तराला थांबलेही नाही. काकू त्यांना पाणी देईपर्यंत मी आत जाऊन स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी बंदूक उचलली, छातीशी धरली आणि उतरले. नळी माझ्या हनुवटीला लागत होती. लोखंड थंड होतं, अजून आठवतं. लुगड्यात गुंडाळली, पिशवी खांद्याला अडकवली आणि मोठ्या तोऱ्यात बाहेर आले.

हवालदार ओरडला, "तोंड खाली! बाई, नळीचं तोंड खाली कर!"

त्यानं झडप घालून ती माझ्या हातातून घेतली, लुगडं सोडलं, बंदूक मधोमध उघडली. आतून एक लाल काडतूस त्याच्या तळहातावर आलं. घरात बंदूक भरून ठेवायची नाही हा वडिलांचाच नियम होता. हवालदारानं ते काडतूस उलटंपालटं करून पाहिलं. मग शिपायाला हळूच म्हणाला, "तिची आई म्हणत होती ते खरं निघालं."

शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावलं, पंचनामा झाला. मी पावती मागितली. त्यानं माझ्या हातात कागद दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून जीपमध्ये बसला.

तिसऱ्या दिवशी वडील जामिनावर आले. घरात शिरले ते थेट खुंट्यांपुढे जाऊन उभे राहिले. "कोणी दिली?" मी भिंतीला चिकटले होते. काकू चुलीपाशी होती. तिनं खो खो हसायला सुरुवात केली. "आवो भाऊजी, तुमच्या या येडीनं! इलेक्शन हाय समजून दिली. वरून पावती बी घेतली बघा!" वडील माझ्याकडे वळले. मग त्यांनाही हसू आलं. काकूचं हे हसणं म्हणजे काय होतं ते मला फार उशिरा कळलं. तोवर ती गेली होती. तिचे पाय धरायचे राहूनच गेले.

दोन दिवसांनी खंडेनवमी आली. पाटावर कात्र्या मांडल्या, विळे मांडले. मग वडील उठले, त्या दोन रिकाम्या खुंट्यांना हळदकुंकू लावलं आणि एकीवरून दुसरीवर झेंडूची माळ सोडली. मला आरती म्हणायला लावली. मी म्हटली. दसरा झाल्यावर मामा येऊन मला घेऊन गेला.

वर्षभरानं भाऊबंदांची बैठक बसली, आईनं जबाब फिरवला, आम्ही दोघी परत गेलो. लायसन मात्र रद्द झालं ते झालंच, बंदूक पुन्हा आली नाही. वडिलांचा हात पुढेही चालत राहिला. फरक इतकाच, की मार खाल्ल्यावर आई आता खोलीत कुठेही उभी राहू शकत होती. त्यांच्या शेवटापर्यंत ती तिथंच राहिली आणि मग माझ्याकडे आली.

पोरीनं इलेक्शन समजून बंदूक दिली, हा आमच्याकडचा ठेवणीतला विनोद झाला. लग्नात, बारशात कोणीतरी तो काढायचंच. सगळे हसायचे, आई हसायची, मीही हसायचे. काडतुसाचं कोणी बोलायचं नाही. आणि हसता हसता दरवेळी माझ्या हनुवटीला ते थंड लोखंड लागायचं. हवालदाराचं वाक्य आठवायचं. म्हणजे आईला ठाऊक होतं. ती भरलेली बंदूक आणि मी, दोघींना एका घरात ठेवून ती एसटीत बसली होती.

माझ्या मुलीच्या बारशाला तो विनोद पुन्हा निघाला. पाहुणे गेल्यावर आई मेथी निवडत बसली होती, मूल माझ्या मांडीवर झोपलं होतं. मला राहवलं नाही. "तुला माहीत होतं ना, ती भरलेली आहे?"

तिनं मान वर केली नाही. "व्हय. पहाटं भरताना पाह्यलं व्हतं म्या."

"आणि मला ठेवून गेलीस?"

"ती गोळी माझी व्हती. तुला तो काही करनार नाय, हे ठाव व्हतं. तू तिला हात लावशील, हे मातर माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

माझा संताप झाला. इतक्या वर्षांचा. मूल उठेल म्हणून मी दबक्या आवाजात म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस."

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. तिचं उजवं मनगट नीट बसलंच नाही, ते अजून वाकडं आहे. "सांगितलं आसतं," ती म्हणाली, "तर तू मला जाऊ दिलं आसतंस का?"

मी तिला कमरेला मिठी मारून धरलं असतं. थांब्यापर्यंत रडत गेले असते. ती परत फिरली असती, आणि तासाभरानं वडील बागेतून घरी आले असते.

"नसतं," मी म्हणाले.

तिनं पुन्हा मेथी घेतली.