लडी धरणारे हात

लोकरीच्या नव्या लडीला एक वास असतो. रंगाचा, गोदामाचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी मेंढीचा. दिल्लीचा हिवाळा म्हटला की इतरांना धुके आठवते, गाजराचा हलवा आठवतो. मला मात्र नाकात तो वास आणि मनगटांवर तो खाजरा स्पर्श आधी जाणवतो. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरपुढची हिरवळ, दुपारचे पातळ ऊन, चटईवर मांडी घालून बसलेला मी, समोर पसरलेल्या माझ्या दोन हातांवर अडकवलेली लडी, आणि पुढ्यात बसून तिचा गुंडा करणारी आई! पलीकडे मुले क्रिकेटसाठी हाका मारत असत आणि मला या अवस्थेत पाहून खिदळत असत. पण हात असे गुंतलेले असताना उठून जाणार तरी कसे? कंटाळून मी हात जरा खाली सोडले की धागा सैल पडे, गुंता होई, आणि आई मान वर न करता म्हणे, ‘हात वर धर.’ रागावणे तिच्या आवाजात नसे, पण सुटकाही नसे.

आई लग्न होऊन कराडहून दिल्लीत आली तेव्हा तिला विणकाम येत नव्हते. कराडला स्वेटरची गरज ती काय! इथल्या शेजारणींनी तिला सुया हाती धरायला शिकवले. त्यांचे हिंदी आणि तिचे मराठी यांत जे अंतर होते ते उलट-सुलट टाक्यांनी हळूहळू शिवले गेले. लोकर येई पानिपतहून, वडिलांच्या कार्यालयातले एक सहकारी तिकडून ये-जा करत त्यांच्यासोबत. पानिपत म्हटल्यावर मराठी माणसाच्या कपाळावर आठी उमटते. आईच्या लेखी मात्र ते उत्तम आणि स्वस्त लोकरीचे गाव होते. आमच्या घराण्याने पानिपतहून काही मिळवून आणले असेल तर ते एवढेच. माझी मुलगी इथेच वाढली, तिला ‘लडी’ हा शब्द ठाऊक नाही. पण आजीने विणलेली टोपी ती अजून घालते.

त्या हातांना रिकामे राहणे कधी जमलेच नाही. दूरदर्शन पाहताना ते चालत, गप्पा मारताना चालत, पुढे सांधे दुखू लागल्यावरही सावकाश चालत राहिले. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात मी ते हात बांधलेले पाहिले तेव्हा क्षणभर मला खाट चुकली आहे असेच वाटले.

हवा काळवंडण्याचे ते दिवस होते. आईला न्यूमोनिया झाला आणि तिला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. तोंडातून श्वासनलिकेत उतरवलेली नळी, नळीच्या टोकाला तिच्यासाठी श्वास घेणारे यंत्र, आणि दोन्ही मनगटांना कापसाची गादी लावून त्यावर गुंडाळलेली पांढरी गॉजपट्टी, जिची टोके खाटेच्या कठड्यांना बांधलेली. मला वाईट वाटले आणि त्याहून जास्त राग आला. पण मी मंत्रालयात काम करणारा माणूस. फाइलीतली आधीची टिपणे वाचल्याशिवाय शेरा मारू नये, ही सवय अंगात मुरलेली. मी कारण विचारले. ड्यूटीवरच्या तरुण परिचारिकेने शांतपणे सांगितले की गुंगी उतरू लागली की रुग्ण गोंधळतात आणि नळी ओढतात. मागे एकाने ओढली तेव्हा ती परत घालेपर्यंत त्याचा जीव जायची वेळ आली होती. तिच्याकडे आणखी दोन खाटा होत्या.

बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करत राहिलो. रक्षणासाठी मनगटच का बांधतात? राखी तिथे, कार्यारंभीचे लाल-पिवळे सूत तिथे, आणि ही पट्टीही तिथेच. आणि या आमच्या शहराचेच पाहा ना! इथे सुरक्षा म्हणजे अडथळा: रस्त्यावर लोखंडी कठडे, वसाहतींना फाटके, फाटकांना साखळ्या, साखळीपाशी शेकोटी करून बसलेला चौकीदार. आपल्याला जे जपायचे असते ते आपण आधी बांधून टाकतो, आणि बांधले म्हणजे जपले असे समजून दुसऱ्या कामाला लागतो. त्या तरुण मुलीला तरी दोष कसा द्यावा?

पण बांधण्याचाही एक फेरा असतो, हे मला पुढच्या दोन-चार दिवसांत दिसले. आई जागी होई, हात हलत नाहीत हे कळताच धडपडे. धडपड वाढली की गुंगीचे औषध वाढवले जाई. औषध वाढले की तिचा स्वतःचा श्वास मंदावे. आणि श्वास मंद म्हणून यंत्र काढणे पुढे ढकलले जाई. डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितले होते की या वयात यंत्रावरचे दिवस वाढले की परतीची आशा कमी होत जाते. म्हणजे ज्या नळीसाठी हात बांधले होते, ती नळी त्या बांधण्यामुळेच तिथे मुक्काम करून बसली होती.

त्या विभागाच्या प्रमुख परिचारिका होत्या सिस्टर कमलेश, सोनिपतकडच्या. कमलेश हे नाव ऐकून मी एखाद्या पुरुषाची वाट पाहत उभा होतो, आणि समोर आल्या चष्मा कपाळावर चढवलेल्या, चालताना चपलेचा आवाज न करणाऱ्या एक मध्यमवयीन बाई. त्यांनी तिथे एक प्रथा पाडली होती. सकाळच्या फेरीत प्रत्येक खाटेपाशी थांबून त्या मोठ्याने विचारत, हा हात आज बांधायची गरज आहे का? काल होती म्हणून आजही आहे, हे उत्तर त्यांना चालत नसे. गाठ त्या अशी घालायला लावत की एका झटक्यात सुटावी, आणि ठरावीक वेळाने पट्टी सोडून खालची कातडी स्वतः पाहत. अशीच एका दुपारी त्यांनी आईची उजवी पट्टी सोडली आणि भेटीच्या वेळेला मी आत येताच मला खुणेने जवळ बोलावले.

“सर, ये नली नहीं खींच रहीं। ये कुछ लपेट रही हैं। घर पे क्या करती थीं माताजी?”

मी पाहिले. आईचा सुटलेला हात तोंडाकडे गेलाच नव्हता. पट्टीचे लोंबते टोक तिने चिमटीत धरले होते आणि तर्जनीभोवती ते संथपणे, नेमाने गुंडाळत होती. चार वेढे झाले की बोट काढून घेई, दिशा बदलून पुन्हा चार वेढे. लोकरीच्या गुंड्याची सुरुवात अशीच करतात. मग मी सिस्टरना हिरवळ, ऊन, लडी असे सगळे सांगितले, बहुधा गरजेपेक्षा जास्तच.

त्यांनी ते भावुक होऊन ऐकले नाही. कामाची माहिती ऐकावी तसे ऐकले आणि आईचा चष्मा कुठे आहे ते विचारले. तो माझ्या कोटाच्या खिशात होता, हरवू नये म्हणून नीट जपून ठेवलेला! इतके दिवस आई धूसर जगात डोळे उघडून धूसर माणसांना पाहत होती. त्यांनी तो पुसून तिच्या डोळ्यांवर चढवला, भिंतीवरचे घड्याळ तिला दिसेल अशी खाट वळवून घेतली, आणि डॉक्टरांना गाठले. डॉक्टर कचरत होते, आणि त्यांचे कचरणे खोटे नव्हते. नळी अवेळी निघाली तर मिनिटांचा खेळ. शेवटी ठरले ते असे: दुपारी घरचे कोणी खाटेशी बसेल, परिचारिका नजरेच्या टप्प्यात राहील, गुंगीचे औषध उतरवायचे आणि हात मोकळे ठेवायचे. जमले नाही तर पुन्हा बांधायचे, त्यात कमीपणा मानायचा नाही. मी कार्यालयात रजेचा अर्ज टाकला.

पहिल्याच दुपारी आईचा हात नळीकडे गेला. मी तो पकडायला झेपावलो, तर सिस्टर कमलेशनी मलाच अडवले. त्यांनी आपला तळहात आईच्या हाताखाली धरला आणि तिची बोटे हळूच नळीला लावू दिली. तोंडात अनोळखी वस्तू कोंबलेली असेल तर ती काय आहे हे चाचपून पाहावेसे वाटणार नाही का? मग त्या मला म्हणाल्या, “अब आप बताइए। अपनी बोली में।”

“आई, ही श्वासाची नळी आहे,” मी म्हणालो. “तुला बरे वाटले की काढणार आहेत. मी इथेच बसलोय.”

चष्म्याआडून तिने माझ्याकडे पाहिले. बोटे नळीवर जराशी थबकली, मग उतरली आणि पांघरुणावर काहीतरी शोधू लागली. सिस्टरनी नव्या गॉजपट्टीचे एक भेंडोळे उलगडून तिच्या हाती दिले. ज्या पट्टीने हात बांधायचे तीच पट्टी आई गुंडाळत बसली. दमली की झोपे, जागी झाली की पुन्हा टोक शोधे. धडपड ओसरली, औषध उतरले, आणि यंत्रावरच्या आकड्यांत तिचा स्वतःचा श्वास दिसू लागला.

बांधणे सोपे असते, कारण बांधलेल्या हाताकडे पाहत बसावे लागत नाही. मोकळा हात मात्र पाहत राहावा लागतो. तो कुठे जातो, काय मागतो, कशाला घाबरतो. त्या विभागाच्या दारावर लिहिलेली अतिदक्षता मी आजवर यंत्रांची समजत होतो. ती खरे तर त्या पाहत राहण्याची होती, आणि ते पाहणे एका माणसाकडे दोन-तीन खाटा सोपवून भागत नाही, हेही तिथे बसून कळले. सिस्टर कमलेश हे अधिकाऱ्यांच्या बैठकीत बोलतात आणि त्यांना आणखी माणसे मिळत नाहीत, असे ती तरुण परिचारिका मला म्हणाली. आमच्याही मंत्रालयात बैठका अशाच होतात.

नळी निघाली त्या दिवशी बाहेर बऱ्याच दिवसांनी ऊन पडले होते. मी आत गेलो तेव्हा आई उशीला टेकून बसली होती, ओठांचे कोपरे सोललेले, मनगटांवर पट्टीचे फिकट व्रण, आणि मांडीवर विस्कटलेल्या गॉजपट्टीचा ढीग. तिने मला खुणेने समोर बसायला लावले, माझे दोन्ही हात धरून एकमेकांपासून हवे तेवढे दूर केले, आणि त्यांवर ती पट्टी एकेक वेढा घालत चढवू लागली. सिस्टर कमलेश पलीकडच्या खाटेपाशी उभ्या राहून पाहत होत्या. लडी झाली, टोक सापडले, गुंडा वळू लागला. इतक्या दिवसांचा जागरणाचा शीण असेल किंवा दुसरे काही असेल, माझे डोळे भरून आले आणि हात नकळत खाली आले.

“हात वर धर,” आई म्हणाली. आवाज खरखरीत, जेमतेम ऐकू येणारा.

एवढ्यात दाराशी रखवालदाराने भेटीची वेळ संपल्याचे पुकारले. बाकीच्या खाटांपाशी आलेली माणसे उठू लागली. मी सिस्टरकडे पाहिले, त्यांनी रखवालदाराला हातानेच थांबायला सांगितले. नाहीतरी मी उठून जाणार तरी कसा होतो?