शेवटच्या अंकातलं पद

पुण्याहून रात्री निघालेली गाडी सकाळी गंगाखेडला पोचली. ज्याचं इथे नातं नाही, नोकरी नाही आणि कोर्टात तारीखही नाही, असा फलाटावर उतरणारा मी बहुधा एकटाच असेन. मी एक गाणं ऐकायला आलो होतो.

माझ्या कचेरीत पालम तालुक्यातला एक सहकारी होता. त्याच्या गावात दिवाळीनंतर संगीत नाटक होतं. राणीचं काम एक ऊसतोड कामगार करतो आणि शेवटच्या अंकात त्याचं एक पद आहे, असं तो सांगायचा. कसं म्हणतो, असं मी एकदा विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासल्यामुळे त्याला विशेषणं वापरायची सवय राहिली नव्हती. तो एवढंच म्हणाला, "म्हणतो." यंदा परभणीहून त्याचा फोन आला. गुडघ्यांमुळे तो स्वतः जाणार नव्हता. "तुम्ही जाऊन या. पुढच्या वर्षीपासून नाटक बंद करून ऑर्केस्ट्रा आणायचं ठरलंय."

संगीत नाटकाचा शौक मला दम्यासारखा वडिलांकडून आला. त्यामुळे शहरात या प्रकाराचे जे अंत्यसंस्कार चालतात, त्यांना मी नेमाने हजर असतो. नाटक काढून टाकायचं आणि फक्त पदं गायची. मधे एका निवेदिकेने प्रत्येक पदाचा सुगंध कसा दरवळतो ते सांगायचं. गायकाने शेरवानी घालून विरहाचं पद हसतमुखाने म्हणायचं. पद काढून टाकलं तरी गोष्ट पुढे जात असेल, तर ते पद खरोखरच काढून टाकावं, असं माझं मत आहे. पात्राला जे बोलून सांगता येत नाही, तिथे गाणं यावं. समोर ते ऐकणारं पात्र नसेल तर गाणं म्हणजे नुसता गळ्याचा व्यायाम. हे मत मी इतक्या जणांना ऐकवलंय की मला पाहिलं की लोक चपला शोधू लागतात.

गंगाखेडहून पालमची एसटी धरली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या आणि आभाळ. वाटेत समोरून ऊसतोडीला निघालेले ट्रकमागून ट्रक येत होते. त्यांत पत्रे, पेट्या, हंडे, शेळ्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. शेजारच्या म्हातारबुवांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"कुणाकडं जायलाव?"

"नाटक बघायला."

"पुण्याहून? कामून?" (म्हणजे 'कशाला'.)

म्हातारबुवांनी खिडकीबाहेरच्या ट्रककडे हनुवटी वळवली. "नाटक बगणारं तं तकडं चाललं समदं."

पालमला स्टँडसमोर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, दाणे घातलेला तिखट प्रकार) खाल्ला. चव उत्तम होती, पण सोबत लागलेल्या भक्तिगीतात मूळ गायकापेक्षा ढोलकीयंत्राला जास्त भक्ती होती. पुढे रिक्षातून निघालो. अर्ध्या रस्त्यात रिक्षातलं पेट्रोल संपलं. चालक म्हणाला, "उलीसक (थोडंसं) चाला, गाव आलंच." गाव आलं, पण उलीसक चालून नव्हे.

मारुतीच्या पारासमोर लाकडी फळ्यांचा रंगमंच होता, आणि त्याच्या बाजूलाच ऊसतोडीला जाणारा ट्रक उभा होता. अर्धा भरून झालेला. नाट्यमंडळाचे प्रमुख तात्या हे पेटीवालेही आणि दिग्दर्शकही. त्यांनी मला घरी नेऊन ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याची आमटी) वाढली आणि अडचण सांगितली.

"दरसाल रातच्याला करताव आमी. औंदा टोळी आजच निगाली. म्हून दुपारीच लावलंय. राणी गेल्यावर नाटक कुणाचं करावं?"

"आणि टोळीचा मुकादम थांबेल?"

"त्यो थांबल. त्यो भला माणूस हाय. म्हन्ला, गाणं झाल्याबिगर गाडी चालू करत न्हाई. पर दिवस बुडायच्या आत निगायचं. सांगलीकडं जायचंय." भाकरी मोडता मोडता तात्या थांबले. "आमच्या राणीची, नामदेवची, ही शेवटची खेप. फुडं ऑर्केस्ट्रा. त्येला ते पद एकदा नीट म्हणू द्यायचं, एवढीच आमची विच्छा."

रंगपट म्हणजे शाळेची खोली. तिथे नामदेव फळ्याला पाठ टेकून बसला होता आणि त्याची बायको सुमन त्याच्या लुगड्याच्या निऱ्या सारखी करत होती. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. चेहऱ्यावर गुलाबी रंगाचा जाड थर. गळा जपायचा म्हणून तो सकाळपासून कुणाशी बोलला नव्हता, आणि न बोलता आरसा, पाणी, पान, पंखा असं सगळं मागत होता. मोठमोठ्या शहरांतल्या गायिकांचे नखरे मी पाहिलेत. हा त्यांच्यात सहज खपला असता.

"घरी बी आसंच," सुमन मला म्हणाली. "राणीसरकारला भाकर जागंवर लागती."

नामदेवने डोळे मिटून घेतले.

रंग चढवल्यावर, भरतवाक्य (नाटकाच्या शेवटचं मंगलपद) होईपर्यंत तो पुसायचा नाही, असा इथला रिवाज आहे. आधीच पुसला तर नाटक उघडं पडतं म्हणतात. म्हणजे नेमकं काय होतं, ते कुणाला माहीत नव्हतं. आजवर तसं झालेलंच नव्हतं.

नाटक दुपारी सुरू होणार होतं. आधी दीपप्रज्वलन. वाऱ्यामुळे दिवा लागेना, आणि लागेपर्यंत फोटो निघेना. मग सत्कार. सरपंच, उपसरपंच, मंडप देणारा, लाउडस्पीकर देणारा, गतवर्षी मंडप देणारा, आणि पुण्याहून आलेला मी. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. भर उन्हात माझी अवस्था दुकानाबाहेर उभ्या केलेल्या पुतळ्यासारखी झाली. मी भाषणाला नको म्हणालो. ते सगळ्यांना इतकं विनयाचं वाटलं की त्यासाठी मला आग्रह करण्यात एका भाषणाहून जास्त वेळ गेला. ट्रकच्या बोनेटला टेकून मुकादम तंबाखू मळत होता. तो एकदा सूर्याकडे बघे, एकदा आमच्याकडे.

अखेर पडदा उघडला. दिवसाउजेडी नाटक बघणं ही क्रूर गोष्ट आहे. राजाच्या मुकुटाचा पुठ्ठा दिसतो, दाढीची दोरी दिसते, महालाच्या पडद्याला पाडलेलं भोक आणि त्यातून पलीकडचा बैलही दिसतो. राजा पट्टीत गात नव्हता, पण आपण राजा आहोत याबद्दल त्याला शंका नव्हती. विदूषकाने एसटीवर चार विनोद केले आणि हशा वसूल केला.

पहिल्या अंकात नामदेवचं बागेतलं पद झालं. मी कान टवकारले. आवाजात धूळ होती. वरचा षड्ज त्याला पेलत नव्हता, आणि ते त्याला ठाऊक होतं. तो तिथे जाऊन फार न थांबता खाली येई. पण पद म्हणताना तो राजाकडे बघत होता. तीस वर्षांत मी असे किती गायक पाहिले, जे प्रेयसीला आळवताना तिसऱ्या रांगेतल्या समीक्षकाकडे बघतात! पदाला टाळ्या पडल्या, वन्स मोअर झाला. नामदेवने हात वर करून थांबवलं आणि संवाद पुढे नेला. मागून एकजण ओरडला, "आरं म्हन की, माय! येवढा काय भाव खायलास?" तो ढिम्म हलला नाही. वन्स मोअर नाकारणारा गायक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तिसरा आणि शेवटचा अंक लागला तेव्हा ऊन फळ्यांवर तिरपं आलं होतं. राजा वनात निघालेला. राणीने मागे राहायचं. राणी बोलून बघते, राजा ऐकत नाही, आणि शब्द संपतात. तात्यांनी पेटीवर स्वर धरला. नामदेव दोन पावलं पुढे आला आणि त्याने सुरुवात केली: "वाट वनीची मज दावावी."

एवढी एकच ओळ. बागेतला आवाज हा नव्हेच. ही राणी विनवत नव्हती. आपल्याला ती वाट आधीच ठाऊक आहे, हे फक्त राजाला अजून कळलेलं नाही, अशा स्वरात ती बोलत होती. बायका कुजबुजायच्या थांबल्या. माझा हात नकळत फेट्याकडे गेला आणि मी तो काढून मांडीवर ठेवला.

त्याच वेळी गावच्या रस्त्याने हॉर्न वाजवत तीन पांढऱ्या गाड्या आल्या.

तालुक्याच्या एका बड्या पुढाऱ्यांनी सकाळी 'जमल्यास येतो' असा निरोप दिला होता, आणि त्यांना जमलं होतं. लाउडस्पीकरवरून स्वागत सुरू झालं. लोक उठले, वाट झाली, पुढारी रंगमंचावर चढले. राजाने पटकन मुकुट काढून त्यांच्या पायांना हात लावला. नामदेव जिथे होता तिथेच उभा राहिला. एक हात पुढे, तोंड किंचित उघडं. पद थांबलंय, संपलेलं नाही, एवढंच तो दाखवत होता.

पुढाऱ्यांनी कलेबद्दल भाषण केलं. मग तात्यांनी, माझ्यावर भिस्त ठेवून असावं, माईक माझ्या हातात दिला. मी एकच वाक्य बोललो. "आधी राणीचं पद पुरं होऊ द्या, मग आपलं भाषण ऐकतोच." टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी माईक परत घेतला. "पाहुण्यांनी फार मोलाची गोष्ट सांगितली," असं म्हणून पद पुरं होऊ देण्याच्या महत्त्वावर ते पहिल्या भाषणापेक्षाही जास्त वेळ बोलले. कलाकाराला आपण न्याय देत नाही, याची त्यांना खंत होती. म्हणून त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आज या गुणी कलाकाराचा सत्कार आपण करणार आहोत. शाल मागवली. शाली संपल्या होत्या. माझीच काढून नेली. लुगड्यावरून ती नामदेवच्या खांद्यावर घातली गेली, मग नारळ, मग हार, मग प्रत्येकाबरोबर वेगळा फोटो. गाण्याबद्दल चाललेल्या सत्कारामुळे गाणं अडलेलं मी याआधीही पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही.

ट्रकचा हॉर्न वाजला. एकदाच, आणि तोही संकोचाने. मुकादम रंगमंचाखाली येऊन उभा राहिला. "तात्या, माप करा. आता न्हाई थांबता येत. दिवस बुडाला."

पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांनाही जायचं असल्याचं सांगितलं. नामदेवने शाल काढून तात्यांच्या पेटीवर ठेवली आणि रंगपटात गेला. तो परत आला तेव्हा अंगात सदरा-पायजमा होता. चेहरा राणीचाच. भरतवाक्य झालेलं नव्हतं. सुमनने त्याला ट्रकमध्ये ओढून घेतलं. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाने टोळी मोजताना त्या दोघांना तसंच मोजलं.

मला गंगाखेडपर्यंत जायचं होतं, म्हणून मुकादमाने पुढे शेजारी बसवून घेतलं. पालमला चहासाठी सगळे उतरले. हॉटेलातली माणसं नामदेवकडे बघत राहिली.

"कुठल्या तमाशाची पार्टी म्हणायची?" एकाने विचारलं.

"राणी हाय," सुमन म्हणाली. "ऊस तोडायला निगालीय. येतू का संगं?"

तो माणूस चहाकडे वळला. मी नामदेवजवळ गेलो आणि न राहवून म्हणालो, "ते पद इथे म्हणता का? मी त्याच्यासाठीच आलो होतो."

सकाळपासून पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला. "हितं? कुणाला म्हणू? च्यावाल्याला?"

"मी ऐकतो."

"तुमी ऐकणारं. ज्याला म्हणायचं त्यो राजा घरी जाऊन भाकर खायलाय."

"उसाच्या फडात तं रोज बोंबलताव की," सुमन म्हणाली.

"ते येगळं. तिथं हात चालू ऱ्हातो." त्याने कप ठेवला. ओठाला लागलेला लाल रंग कपाच्या कडेवर उतरला होता. "न्हाई म्हणायचं आता."

माझं इतक्या वर्षांचं मत त्याने मला दोन वाक्यांत परत केलं, आणि ते मुळीच पटण्याजोगं वाटेना. चहावाला काय, बस स्टँड काय, त्याने म्हणायला हवं होतं. पण तो रुसला होता, आणि त्याचं रुसणं रास्तच होतं. गंगाखेडला मी उतरलो तेव्हा ट्रकच्या मागच्या बाजूला अंधारात गुलाबी चेहरा तेवढा दिसला. मी हात केला. कुणाचा तरी हात हलला, तो कुणाचा ते कळलं नाही.

पुण्याला आल्यावर माझ्या गाणवेड्या मित्रांनी विचारलं, कसं होतं? प्रत्येक नाटकाबद्दल, प्रत्येक पदाबद्दल माझ्याकडे मत तयार असतं. नसलं तर मी ते वाटेत तयार करतो. या वेळी मी म्हणालो, "म्हणत होता."

गेल्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. ऑर्केस्ट्राला इसार दिलाय. पुढच्या वर्षी मीही यावं, खुर्ची पुढची ठेवतील. बोलता बोलता त्यांनी त्या दिवसाचा एक फोटो फोनवर पाठवला. लाउडस्पीकरवाल्याने काढलेला. पुढारी रंगमंचाच्या पायरीवर आहेत, सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळलेल्या, राजाचा मुकुट हातात. एकटी राणी आधी राजा उभा होता तिथेच बघते आहे, पुढची ओळ घेण्यासाठी श्वास भरून.