डाव्या खांद्यावरचा दाणा

लढाईची वर्षं होती. नगरच्या दवाखान्यात माझ्या बायकोचा एक स्तन काढून टाकला. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बगलेत रोगाची मुळं उरली असावीत. मुंबईला नेऊन सहा आठवडे किरणांचा शेक द्या. गुण येईलच असं नाही, पण न देण्यात मला धोका दिसतो."

मी संगमनेरजवळच्या एका गावात शाळामास्तर, अंगारे-धुपाऱ्यांना हसणारा. बायकोने ऐकताच हात जोडले. "कापलं तेवढं बास झालं. आता भाजून घ्यायला मी न्हाई यायची. मरायचं तर हितंच मरंन."

आठ दिवस मी समजावलं, रागावलो, एकदा तर ताट भिरकावलं. शेवटी ती म्हणाली, "भैरोबाला कौल लावा. त्यो जा म्हनला तर जाईन."

भैरोबा तिचा. लग्न होऊन आल्यापासून त्याच्या पायरीवर पाणी घातल्याशिवाय तिने तोंडात घास घातला नव्हता. कौलाची रीत साधी: देवाच्या दोन्ही खांद्यांवर ज्वारीचा एकेक ओला दाणा चिकटवायचा. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. बायको दाराबाहेर डोळे मिटून, पदर पसरून बसली. गुरव आडावर पाणी आणायला गेला. तेवढ्यात मी, देवाला दगड म्हणणारा शहाणा, पाया पडायच्या निमित्ताने आत वाकलो आणि डाव्या खांद्यावर ओला शेंदूर अंगठ्याने जाड थापला.

गुरवाने येऊन दाणे लावले. उजवा पडला. डावा जागचा हलला नाही. बायको रडली, आणि घरी येऊन गाठोडं बांधायला लागली.

मुंबईत पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग कातडी काळी पडली, सोलली, चोळी सोसेना. तरी 'देवानं धाडलंय' म्हणत ती रोज त्या यंत्राखाली निजली. एकदाही कुरकुरली नाही. घरी परतलो आणि चार महिन्यांत मानेत गाठी आल्या.

तिला मुंबईला नेलं याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढचं.

ती अंथरुणाला खिळल्यावर गुरव अंगारा घेऊन आला. तिने तोंड फिरवलं. "त्याला म्हनावं, खोटंच बोलायचं हुतं तर माज्याशी कशाला बोल्लास? मी तुजं काय वाईट केल्तं?"

देव नाही बोलला, मी बोललो, एवढंच मला सांगायचं होतं. पण मग तिने माझ्याकडून तोंड फिरवलं असतं. मी भ्यालो. अंगाऱ्याची पुडी घेऊन गुरवाला दारापर्यंत पोचवून आलो.

दोन दिवसांनी तिला घरघर लागली. मी भैरोबाचं तीर्थ तिच्या तोंडात घातलं. तिने ते थुंकून टाकलं, आणि थोड्या वेळाने ती गेली.