उशीच्या खोळीतल्या गोळ्या

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षी मानसोपचार वॉर्डात महिनाभर ड्युटी लागली, तेव्हा माझ्या वाट्याला कामठीच्या एक काकू आल्या. शेजारीण अन्नात काहीतरी कालवते, असं सांगणारे आवाज त्यांना ऐकू यायचे, म्हणून त्यांनी जेवणच सोडलं होतं. मी आले तोवर त्या पुष्कळ सावरल्या होत्या. सोमवारी घरी जायचं ठरलं होतं, कारण त्या आठवड्यात मुलीचं डोहाळजेवण होतं.

माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं आणि मुळात मी अबोल. रुग्णाशी कसं बोलावं यावर परीक्षेत चार पानं लिहिली होती, पण काकूंसमोर ‘झोप लागली का’च्या पुढे मला काही सुचत नसे.

“काहून वं पोरी, तुले कोणी बोलायची मनाई केली का?” त्या विचारायच्या. मी बीपी इंग्रजीत पुटपुटले की म्हणायच्या, “मराठीत सांग.” मी अठ्ठावीस आणि अडतीसमध्ये अडखळायचे आणि शेजारच्या खाटेवरही हसू पसरायचं.

गोळी दिल्यावर रुग्णाला तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला सांगून खाली गोळी राहिली नाही ना ते बघायचं, हा आमच्या कामातला साधा नियम. मला तो पाठ होता. पण आईच्या वयाच्या बाईला ‘आ करा’ म्हणणं म्हणजे तिला खोटं ठरवणं, असं वाटायचं. त्या पाणी पिताना मी खिडकीकडे बघायचे आणि तक्त्यावर ‘घेतली’ लिहायचे.

शुक्रवारी बिछाना बदलताना त्यांच्या उशीच्या खोळीत चार गुलाबी गोळ्या सापडल्या. कडा विरघळलेल्या होत्या.

मी गोळ्या तळहातावर धरल्या. काकूंनी आपले दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

“हे पाह्य. गोळीनं हात कापून राह्यले. पोरीची ओटी भरताना तांदूळ सांडले तं लोक काय म्हणतील?” मग हळूच म्हणाल्या, “तू कोणाले सांगू नको.”

“आवाज येतात का परत?”

त्यांनी मान खाली घातली. “कालपासून. थोडे.”

त्यांनी घरी जावं असं मलाही फार वाटत होतं. पण अशा अवस्थेत नाही. मी म्हणाले, “मी सिस्टरांना सांगणार आहे, काकू. हातांचंही सांगणार.”

“मोठी आली,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

वॉर्डच्या मुख्य सिस्टर रागावल्या नाहीत. “किती वेळा तोंड बघितलं नाहीस?” एवढंच विचारून त्यांनी माझ्याकडून खरा अहवाल लिहून घेतला. डॉक्टरांनी डोस कमी केला, थरथरीवर वेगळी गोळी दिली आणि सोमवारचं जाणं रद्द केलं. मुलीने कार्यक्रम पंधरा दिवस पुढे ढकलला.

दोन दिवस मी दिसले की काकू भिंतीकडे वळायच्या. तिसऱ्या दिवशी गोळी गिळून त्यांनी स्वतःच जबडा उघडला. “पाह्य. नीट पाह्य, लाजून नको राहू.”

मी टॉर्च लावून सगळं तोंड तपासलं. गोळी नव्हती. वरची एक दाढ मात्र किडली होती. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी त्या घरी गेल्या, तेव्हा दाढ दाखवून घ्या, हेही मी डॉक्टरांना त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर लिहायला लावलं.