दहलच्या काठावर घेतलेला जबाब

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या. ही एक मात्र काल घडल्यासारखी समोर उभी राहते, आणि हिला गुन्हा रजिस्टरचा नंबरसुद्धा नाही. कारण ती मी रिटायर झाल्यावर, परमुलखात, कुणी न सांगता हातात घेतली.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. सातारा जिल्ह्यातल्या ठाण्यांत माझं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. माझ्यासमोर बसलेला माणूस बोलल्याशिवाय उठत नसे. मारहाणीची मला फारशी गरज पडली नाही. त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, थोडा अजूनही आहे.

मुलगा दोह्यात इंजिनिअर, अल थुमामाला राहतो. थंडीत मी त्याच्याकडे गेलो होतो. एका शुक्रवारी तिथल्या मराठी मंडळींनी सहल काढली. इंडस्ट्रियल एरियातली आपली माणसं कंपनीच्या बसने आली, आम्ही मुलाच्या गाडीने. जायचं होतं वाळवंटातला दहल बघायला. चुनखडीची जमीन आतून पोखरून वरचं छत कोसळतं आणि मोठा खड्डा पडतो, त्याला तिथे दहल म्हणतात. भोवतालचा दगड पांढरा, भोकाभोकांचा, कडा अशा की चपलेचा तळ कापावा. काठावरून खाली मोठमोठ्या शिळांची उतरंड आणि तळाशी अंधार.

नाश्ता झाला आणि एक माणूस कमी भरला. सोलापूरकडचा एक फिटर. हाका मारल्या, उत्तर नाही. फोन लागेना. त्याची पिशवीही नव्हती.

माझ्यातला पोलीस जागा झाला. सगळ्यांना काठापासून मागे घेतलं. तेवढ्यात बसच्या ड्रायव्हरने मला बाजूला बोलावलं.

"साहेब, माझं नाव नको. त्याचं फोरमनशी वाजलंय. दुसऱ्या कंपनीत बोलणं चाललंय त्याचं. आज कुणाची तरी गाडी आली असणार."

रस्त्याकडे चाकांच्या ताज्या खुणा होत्याच. पिशवी गायब, भांडण झालेलं, खुणा ताज्या. माझ्या डोक्यात केस तिथेच बसली.

फिटरच्या खोलीतला एक वेल्डर, त्याच्याच गावाकडचा, टॉर्च घेऊन उतरायला निघाला होता.

"सायेब, मी खाली जाऊन बगतो. त्याला असल्या जागंत घुसायचा नाद हाय."

"थांब. तू काय बघणार? मी बघितलं वरून. खाली कुणी नाही."

गुहागरकडचे एक चाचा होते, वीस-एक वर्षं कतारात कारकुनी केलेले. ते म्हणाले, "साहेब, ह्यो काय आपला कातळ नाय. पाणी ह्याला आतून खातं. वरून काय दिसनार?"

"चाचा, गड-डोंगर चढण्यात माझा जन्म गेलाय," मी म्हणालो. आमच्याकडच्या काळ्या कातळाची कपार एका नजरेत कळते, तिला एकच तोंड असतं. या दगडाला आत वाटा असतात, हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हे कबूल करायची सवय नव्हती.

वेल्डरला मी दहलच्या काठावर उन्हात बसवला. मी स्वतः सतरंजीवर, पाण्याची बाटली माझ्या पायाशी. ही माझी जुनी पद्धत. मागितलं तर द्यायचं, पण मागायला लावायचं.

"कुठे गेलाय तो?"

"म्हाईत न्हाई. खालीच आसंल."

"तुझ्या सोबत्यांनी सगळं सांगितलंय मला."

"मग मला कशाला इचारताय?"

आजूबाजूचे हसले. मला ते लागलं. मग मी नुसता त्याच्यावर नजर रोखून बसलो. नंतर तेच प्रश्न पुन्हा, वेगळ्या क्रमाने. पळून गेला तर कंपनी खोलीतल्यांना धरेल, तुझ्या व्हिसाचं काय होईल, हेही सुनावलं. पाऊण तासाने त्याने मान खाली घातली.

"व्हय. गेला. गाडी आलती."

"रंग?"

"पांढरा."

कतारात पांढऱ्याशिवाय दुसरी गाडी शोधावी लागते. पण मी समाधानाने वहीत दोन ओळींचा जबाब लिहिला, खाली त्याची सही घेतली आणि पाणी दिलं. एका दमात बाटली संपवली त्याने.

मुलगा म्हणाला, "आप्पा, तरी पोलिसांना फोन करू या."

"कशाला? फरार म्हणून नोंद होईल, त्याचंच वाटोळं होईल. खलास, चला."

मुलाने माझं ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. बस निघाली.

घरी जेवायला बसलो होतो तेव्हा चाचांचा फोन आला. वेल्डरने अर्ध्या वाटेत बस थांबवली होती. "मी खोटं बोललो, तो आतच हाय," म्हणत तो उतरला. चाचांची गाडी मागेच होती, त्यांना घेऊन तो परत गेला. शिळांच्या मागे एक आडवी फट होती, तिच्यातून कण्हण्याचा आवाज येत होता. चाचांनी इमर्जन्सीला फोन लावला. माणसं दोर घेऊन आली. आत दगड सरकून फिटरचा पाय अडकला होता, बरगड्याही मोडल्या होत्या. बाहेर काढला तेव्हा दिवस कलला होता.

दवाखान्यात मी गेलो. फिटर हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुमचं बोलणं ऐकू येत होतं वरून. शब्द कळत नव्हते. मला वाटलं, आता उतरतील. ओरडायला छातीत दम नव्हता."

वेल्डर बाहेर बाकावर होता. त्याला मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"खरं दोनदा सांगितलं की सायेब. तुम्ही ते लिवूनच घेतलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, पण ती कशी मागतात ते मला येत नाही. नीट झालं नसणार.

माणूस बोलला म्हणजे खरं बोलला, हे मी बत्तीस वर्षं धरून चाललो. माझ्या समोरून उठून गेलेल्यांपैकी किती जण नुसते उन्हातून उठायला बोलले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. नव्या पोरांना एवढंच सांगतो. आपल्याला हवं तेच उत्तर आलं, तर वही मिटू नका. आधी खाली उतरून बघा.

फिटर गावी परतला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आम्ही निघून गेलो नसतो, ते तीन-चार तास वाचले असते, तर पाय राहिला असता का, हे डॉक्टरांनी माझ्या मुलाला सांगितलेलं आहे. मुलगा सुट्टीवर घरी आला की शेजारच्याच खोलीत असतो. मी अजून त्याला विचारलेलं नाही.