जावेचा टब

माणसाने माणसावर जळावं, दागिन्यांवर जळावं. मी एका टबावर जळत होते. गरम पाण्याचा, बुडबुडे सोडणारा, चार माणसं आरामात बसतील एवढा टब. माझ्या धाकट्या जावेने भाट्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, त्यांच्या मागच्या अंगणात तो बसवला. दीर बोटीवर असतात. त्यांनी पैसे पाठवले नि हिने हौस केली. करू दे की! माझं त्यात काय जात होतं?

जात होत्या त्या माझ्या सासूबाई.

आमच्याकडे ठरलेलं आहे. शिमगा ते गणपती त्या धाकट्याकडे, विसर्जन झालं की मांडवीला आमच्याकडे, ते पुन्हा शिमग्यापर्यंत. यंदा विसर्जन झालं, मी खाटेवर नवी चादर घातली, आणि सासूबाईंचा फोन आला, "मी हितंच राहते गो. गरम पाण्यात गुडघ्यांना बरं पडतं."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. निर्गुडीचा पाला उकळून ते गुडघे शेकले कोणी? तेल कोणी चोळलं? मी! आणि घरच्या ग्रुपवर फोटो बघा. टबात गळ्यापर्यंत बुडालेल्या सासूबाई, केस मोकळे, तोंडभर हसतायत, शेजारी जाऊबाई दोन बोटं वर करून. खाली सगळ्या नातेवाइकांचे बदाम. माझ्या घरात त्या अशा हसल्याचा एकही फोटो नाही. मी मोबाइल धुंडाळून बघितला.

दसरा झाल्यावर जावेचा फोन आला. अगदी रडवेली. खोल्यांना एसी लावले, त्यासाठी वायरमनने नवा बोर्ड बसवला, आणि तेव्हापासून टब चालूच होत नाही. दिवा नाही, आवाज नाही. वायरमन भातकापणीला गावी गेलाय, त्याचा फोन लागत नाही. टबवाला मुंबईहून सांगतोय, आतलं सर्किट जळलं असणार, काढून पाठवा.

"अगो बाई, हो का?" मी म्हटलं. फोन ठेवला आणि काय सांगू, मला इतकं बरं वाटलं की मी एकटीसाठी आल्याचा चहा टाकला. गादीला ऊन दाखवलं. सासूबाईंना शिंपल्यांचं कालवण आवडतं म्हणून बाजारातून तिसऱ्या आणून ठेवल्या आणि रिक्षा करून भाट्याला गेले.

जाऊ टबापाशीच उभी होती, हातात टेस्टर. टबाच्या स्विचच्या डबीत तिने तो लावून दाखवला. "बघा ताई, पेटतोय. म्हणजे वीज येतेय. टबच मेला माझा."

मी बघितलं आणि मला कळलं. आमचे हे आंब्याच्या बागांतले पंप दुरुस्त करतात. आमच्या घरी जेवताना आमटीच्या आधी न्यूट्रल वाढला जातो. टेस्टर पेटला म्हणजे येणारी तार जिवंत आहे, एवढंच. परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, कुठे सुटली असेल तर टेस्टर झक्क पेटतो आणि पंप मात्र ढिम्म हलत नाही. मी हूं की चूं केलं नाही. मरू दे मेला टब!

सासूबाई पडवीत बसून झावळीचे हीर सोलत होत्या, केरसुणी बांधायला. माझ्याकडे मी त्यांना काडी उचलू देत नाही.

"आई, चला. बॅग भरते तुमची."

"कुठं गो?"

"आपल्याकडे. टब बंद पडला ना आता."

"मग?"

"मग गुडघ्यांचं काय करणार इथे?"

त्यांचा हात थांबला नाही. "गुडघे काय, तुझ्याकडंही दुखायचे, हितंही दुखतात. तो हौद काय औषध आहे? हिनं एवढ्या हौसेनं आणलान, म्हणून बसायची."

"मग फोनवर तसं का सांगितलंत?"

"तुला काहीतरी सांगायला हवं ना." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्याकडं काय कमी नाय गो. पण हितं मला बरं वाटतं."

टबाशी मी भांडले असते. तसलाच टब बसवा म्हणून ह्यांच्या मागे लागले असते. पण 'बरं वाटतं' ह्याचं मी काय करू? आत जाऊ माझ्यासाठी चहा करत होती, गाणं गुणगुणत. ओट्यावर सकाळपासूनची भांडी पडलेली, दूध उतू गेलेलं. मी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. काय आहे गो हिच्यात? मला काही सापडेना, आणि त्यानेच जास्त जळायला झालं.

मी अंगणात जाऊन ह्यांना फोन लावला. हे पूर्णगडला एका पंपावर होते. "येताना भाट्याला उतरा. तो तपासायचा तारांचा बल्ब घेऊन या. हिच्या नव्या बोर्डात न्यूट्रल सुटलाय."

संध्याकाळी हे आले. टबाच्या येणाऱ्या आणि परतीच्या तारेवर बल्ब लावून बघितला, पेटला नाही. मेन स्विच बंद करून बोर्डाचं झाकण काढलं, तर टबाच्या परतीच्या तारेचा स्क्रू आवळलेलाच नव्हता. तो आवळला. मेन चालू केला तसा टब घुरघुरला, दिवे लागले, आणि जावेने मला कडकडून मिठी मारली. मी अंग चोरून उभी राहिले.

घरी येताना पुलावर हे म्हणाले, "तुला तर तो बंदच हवा होता. मग मला कशाला बोलावलंस?"

ह्यांना काय सांगणार? टब बंद राहिला असता, तर सासूबाई जावेसाठी राहिल्या, असं झालं असतं.

सकाळी शेजारणीने कुंपणावरून हाक मारली. "काय हो, सासूबाई यंदा आल्या नाहीत?"

"तिकडे गरम पाण्याचा टब आहे," मी म्हटलं. "त्याच्यापुढे आमचं काय चालणार?"